वळू क्रमांक एक्केचाळीस

८ फेब्रुवारी, दुपार

मायना काय लिहावा हे ठरेना. ‘चिरंजीव’ लिहिले तर तू हसशील, ‘प्रिय’ लिहिले तर मी मलाच खोटा साक्षीदार वाटेन. म्हणून मायन्याची जागा कोरी सोडतो आणि विषयाला येतो.

मी तुझ्या पैदास केंद्रावर आलो आहे. ‘तुझ्या’ हा शब्द सवयीने पडला. अकरा वर्षांपूर्वी तू इथल्या पैदास विभागाचा प्रमुख होतास तेव्हा तो बरोबर होता, आज नाही. तरी खोडत नाही, कारण खाडाखोड असलेला कागद मला पुढे लिहू देत नाही, आणि इथे कोरे कागद मागितले तर मागच्या बाजूला दुधाचे आकडे लिहिलेले मिळतात.

मी आपणहून आलेलो नाही, हे आरंभीच नोंदवून ठेवतो. इथल्या पशुवैद्यक बाईंचे चार ओळींचे पत्र आले. तू होतास तेव्हा त्या इथे शिकाऊ होत्या. तुला आठवत असतील, मला नाहीत. पत्रात लिहिले होते की, एक्केचाळीस क्रमांकाच्या वळूच्या नऊ मुली, म्हणजे नऊ गाई, वंशनोंदवहीतून कायमच्या काढून टाकण्याचा ठराव झाला आहे; पंधरा तारखेला त्यांना मालमोटारीत घालून डोंगराखाली विकायला पाठवतील; त्या वळूविषयीचा निर्णय मी दिलेला असल्यामुळे ठरावावर माझे संमतिपत्र लागेल; आणि सही करण्यापूर्वी मी एकदा येऊन गाई पाहाव्यात. शेवटचे वाक्य विनंतीच्या रूपात होते, पण सूर उलटतपासणीचा होता.

वस्तुस्थिती तुला ठाऊक आहे. तरी क्रमाने मांडतो, कारण क्रमाशिवाय मला विचार करता येत नाही. चौकशीच्या काही वर्षे आधी इथे एकाच रंगाचे, एकाच हंगामात जन्मलेले दोन गोऱ्हे होते. चौदा क्रमांकाचा उत्तम गाईचा. एक्केचाळीस क्रमांकाचा अशा गाईचा, जिच्या वंशात मागचे पाय ताठ होण्याचा दोष होता. पुढे एक गोऱ्हा दगावला, दुसऱ्याला तू वळू म्हणून ठेवलेस आणि तो चौदा असल्याचे सांगितलेस. तो एक्केचाळीस आहे, तू आपल्या आवडीच्या जनावरासाठी नोंद फिरवलीस, असा आरोप झाला. मी कायदा शिकवत असे आणि लवाद म्हणून निवाडेही देत असे; या चौकशीसाठीही मलाच नेमले. केंद्राने माझे नाव सुचवले आणि तू त्याला संमती दिलीस. ‘दादा बघेल ते बरोबर बघेल,’ असे तू लिहून दिलेस. तो कागद माझ्या फाइलमध्ये आहे. वळूचे कान दिसतील असा फोटो पुराव्यात आला. क्रमांकासाठी कानांवर पाडलेल्या खाचा मी मोजल्या. एक्केचाळीस निघाले. मी तसे लिहिले.

तुझ्या बचावात तू एकच वाक्य बोललास. सगळ्या समितीसमोर म्हणालास, “दादा, एकदा गोठ्यात ये आणि जनावराच्या मागे उभा राहा.” खोलीतले चौघे हसले. मी हसलो नाही. उत्तराऐवजी अपमान करणाऱ्या पक्षकाराला मी दुसरी संधी देत नसे. तुलाही दिली नाही. आठवड्याभरात तू राजीनामा देऊन निघून गेलास, आणि त्यानंतर मला तुझी एक ओळ आलेली नाही.

प्रवासाविषयी लिहिण्यासारखे एवढेच की, रस्त्याला सात फाटके आहेत. गाडी बाई चालवतात. फाटक उघडायचे, गाडी पलीकडे गेली की लावायचे आणि पळत येऊन बसायचे, हे काम शेजारी बसलेल्या माणसाचे. वय विचारले जात नाही. तिसऱ्या फाटकाला माझा बूट चिखलात राहिला. बाई म्हणाल्या, “मोठे सर, बूट राहू द्या, आधी फाटक लावा.” मी त्यांचा मोठा सर कसा, ते नंतर कळले. त्यांच्या लेखी नुसते ‘सर’ तू आहेस.

खोलीत खिडकी एक, ती बंद होत नाही. धुके आत येऊन बसते. सामान उघडले तेव्हा कपड्यांच्या खाली तुझ्या वहिनीने ठेवलेली पाकिटे सापडली, प्रत्येकावर तुझा पत्ता तिच्या अक्षरात. म्हणजे पत्ता घरात होता. किती वर्षे होता, हे मी तिला विचारणार नाही. उत्तर खरे मिळेल.

थोरला भाऊ

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

आजचा दिवस वाया गेला. इथे सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणे बहुधा असभ्य समजतात.

सकाळी नऊ गाई पाहिल्या. पाहिल्या म्हणजे काय, उतारावर झुडपांत नऊ तांबड्या पाठी होत्या, त्यांतली कुठली कुठली हे मला सांगता आले नसते. तुझा जुना गुराखी, ज्याला सगळे मामा म्हणतात, तो बरोबर होता. मी विचारले, ह्यांच्या ओळखीची खात्री काय? तो म्हणाला, “साहेब, तुम्ही तुमच्या घरातली माणसं कशावरनं ओळखता?” मी म्हटले, हे उत्तर नव्हे. तो म्हणाला, “मग तुमचं काय ते सांगा, मी हो म्हणतो.” साक्षीदार म्हणून मी त्याला पाच मिनिटांत बाहेर काढला असता. अकरा वर्षांपूर्वी मी त्याला बोलावलेच नव्हते, हेही इथे लिहून ठेवतो. गुराख्याची साक्ष अनावश्यक आहे असे माझ्या निर्णयात एक वाक्य आहे.

बाईंचा युक्तिवाद असा: दोष वंशात उतरतो. एक्केचाळीसची आई आणि दोन सख्खे भाऊ त्यात गेले. या नऊ गाई खरोखर त्याच्या मुली असत्या, तर त्यांच्या वासरांपैकी काहींचे मागचे पाय ताठ निघायला हवे होते. आजवर एकतीस वासरे झाली. एकही नाही. “एकही नाही, मोठे सर. चढ पळत चढतात.”

मी त्यांना सांगितले की एकतीस ही संख्या मोठी नाही. दोष दिसला नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. आणि एखादी गोष्ट संभवनीय नाही एवढ्याने ती अशक्य ठरत नाही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, “हे सगळं बरोबर. पण तुम्हाला कधी असं होतं का, की मुद्दे सगळे बरोबर आणि गाय मात्र समोर चालतेय?” तुझी विद्यार्थिनी शोभते.

मी विचारले, तो वळू आता कुठे आहे, कान पुन्हा पाहता येतील. उत्तर बाईंनी दिले नाही, मामाने दिले. माझा निर्णय आला त्याच आठवड्यात वळूला खच्ची केले आणि सपाटीवरच्या एका गाडीवानाला देऊन टाकले. चार वर्षांपूर्वी तो मेला. मामाच त्याला खाली सोडायला गेला होता. “सात फाटकं,” मामा म्हणाला. “प्रत्येक फाटकाला थांबला.”

फोटो पाहायचा तर केंद्राच्या प्रतीची फाइल कपाटात, कपाटाची किल्ली कारकुनाकडे, कारकून रजेवर. कपाट फोडले तेव्हा आत वाळवीने केलेला भुसा निघाला. फोटोची दुसरी प्रत माझ्या बॅगेत आहे. बाईंनी ती मागितली. मी म्हटले, वेळ आली की दाखवीन. का म्हटले, ते मला नीट सांगता येणार नाही. हातचा पुरावा चटकन सोडू नये, ही सवय.

तुझी आठवण आली ती रागाची आली. तुला मुद्दा मांडता येत नसे. लहानपणी डावे-उजवेसुद्धा कळत नसे. शाळेत तुझे हसे होऊ नये म्हणून मी रोज संध्याकाळी तुझ्यासमोर उभा राहून स्वतःचा उजवा हात वर करायचो आणि म्हणायचो, “हा उजवा, कर वर.” तू हटकून डावाच वर करायचास. मी पुन्हा सांगायचो, तू पुन्हा डावा. शेवटी मी चिडायचो आणि तू खाली बसून मातीत रेघा ओढायचास. साठ वर्षांत यात काही बदल झाला नाही: मी चिडतो, तू उठून जातोस.

हे पत्र पाठवीन असे वाटत नाही. कालचेही बॅगेतच आहे.

थोरला भाऊ

१२ फेब्रुवारी, दुपार

दोन दिवस पाय मुरगळल्याने खोलीत होतो. पाचव्या फाटकापर्यंत फिरायला गेलो होतो, तिथे. तुझ्या वहिनीला कळवू नकोस. तुमचे बोलणे होते हे मला आता माहीत आहे.

आज सकाळी नऊपैकी एक गाय व्याली. गोऱ्हा झाला. मामाने मला हाताला धरून गोठ्यात नेले, जणू मी घरचा आजोबा आणि मला पहिला मान. वासरू अर्ध्या तासात उभे राहिले. बाई त्याचे मागचे पाय पुन्हा पुन्हा दाबून पाहत होत्या आणि माझ्याकडे मुद्दाम पाहत नव्हत्या.

त्यानंतर दुसऱ्या एका बारा दिवसांच्या कालवडीच्या कानांना खाचा पाडायच्या होत्या. प्लास्टिकचे बिल्ले इथे टिकत नाहीत, झुडपांत अडकून कानासकट फाटतात. म्हणून अजून खाचाच. पद्धत मला निर्णय लिहिताना तोंडपाठ होती: उजव्या कानावर दशक, डाव्या कानावर एकक, जेवढ्या खाचा तेवढा अंक. नियमपुस्तकातले ते वाक्य मी निर्णयात अवतरण म्हणून दिले होते. प्रत्यक्ष काम मात्र प्रथमच पाहिले. चिमट्याचा टचकन आवाज होतो, वासरू एकदाच हंबरते आणि मग आपण ओरडलो हे विसरून जाते.

बाई नोंदवही घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “मोठे सर, तुम्हीच वाचा आकडा, मी लिहिते.” मी कालवडीला अडकवलेल्या लाकडी खोड्यासमोर, तिच्या तोंडाशी उभा होतो. खाचा स्वच्छ दिसत होत्या. मी म्हटले, बावन्न.

मामा मागून, शेपटीशी उभा होता. तो म्हणाला, “पंचवीस.”

मी पुन्हा मोजले. पुन्हा बावन्न. मामा हसू दाबत म्हणाला, “साहेब, यंदा बावन्न वासरं झाली कुठं? उरलेली तुम्ही पिशवीतनं आणलीत काय?” गोठ्यातले सगळे हसले. बाईसुद्धा. मग मामा आला, त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि मला कालवडीच्या बाजूने वळवून मागे, स्वतःच्या जागी नेऊन उभे केले. “चढणीवर जनावर पुढं, माणूस मागं. आम्ही मागनंच वाचतो. जिकडं तिचा उजवा, तिकडं तुमचा उजवा. समोर उभं राहिलं की सगळं उलटं होतं.”

मागून पाहिले. पंचवीस होते.

मी म्हटले, असे होय. आणि खोलीवर परत आलो. पाय दुखत होता हे कारण खरे होते.

इथेच थांबतो.

१३ फेब्रुवारी, सकाळ

काल मी लिहिणे का थांबवले ते आज लिहितो. नाहीतर पुढे कधी लिहिणार नाही.

बॅगेत फोटो होता. काढला. खिडकीशी नेला. वळू समोरून उभा आहे, थेट माझ्याकडे पाहतो आहे. माझ्या डाव्या हाताला येतो त्या कानावर एक खाच. माझ्या उजव्या हाताला येतो त्यावर चार. अकरा वर्षांपूर्वी मी लिहिले होते: डाव्या कानावर एक, उजव्या कानावर चार, म्हणून दशक चार, एकक एक, म्हणून एक्केचाळीस.

पण तो डावा माझा होता. वळूचा तो उजवा होता. उजव्यावर एक, डाव्यावर चार. चौदा.

मी फोटो तीनदा ठेवला आणि तीनदा उचलला. मग आरशासमोर उभा राहून स्वतःचा कान धरला, पण आरशाने आणखी घोटाळा केला. शेवटी फोटो छातीशी बाहेरच्या बाजूने धरून, वळू पाहतो त्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो. त्या अवस्थेत बाईंनी चहा घेऊन दार उघडले असते तर काय समजल्या असत्या, कोण जाणे. चौदा. प्रत्येक वेळी चौदा.

माझ्या निर्णयातला एकही तर्क चुकलेला नाही. नियम बरोबर उद्धृत केला आहे. खाचा बरोबर मोजल्या आहेत. निष्कर्ष आधारविधानांतून नीट निघतो. मी तो निर्णय विद्यार्थ्यांना निर्दोष रचनेचा नमुना म्हणून शिकवला. हो, शिकवला, नावे वगळून. निःपक्षपातीपणाचे उदाहरण म्हणूनही सांगितले, की एका लवादाने सख्ख्या भावाविरुद्ध निर्णय दिला. वर्ग गप्प व्हायचा. मला ती शांतता आवडायची.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेले नाही. तू मला गोठ्यात ये म्हणालास तेव्हा स्थळपाहणीचा अधिकार मला होता, वेळही होता. मी आलो नाही, कारण भावाने बोलावले म्हणून गेला असे कोणी म्हणू नये. तुझ्या जागी परका माणूस असता तर मी आलो असतो. परक्याला जी तपासणी मिळाली असती ती तुला मिळाली नाही, कारण तू माझा भाऊ होतास. याला पक्षपात म्हणतात. शब्द माझाच, चौतीस वर्षे मीच शिकवलेला.

तुझ्यावर राग येतो तो अजून येतो. एक वाक्य पुढे बोलला असतास तर काय बिघडले असते? ‘समोरून उलटे दिसते’, बस. पण चौघे हसले, मी तोंड फिरवले, आणि तू मातीत रेघा ओढणाऱ्या पोरासारखा गप्प झालास. अकरा वर्षे. तुलाही अहंकार आहे, आणि तो माझ्या अहंकारापेक्षा रेसभरही कमी नाही. हे आपल्या घराण्यात नोंदवहीशिवाय उतरते.

वहिनीला फोन करण्यासाठी टेकडीवर चढलो, खाली फोनची रेंज मिळत नाही. तिला म्हटले, मी चुकलो होतो. तिने विचारले, “कोणत्या बाबतीत?” मी सांगितले. मग म्हणाली, “मला नका सांगू. मला पहिल्यापासून वाटत होतं.” मी विचारले, कशावरून वाटत होते. ती म्हणाली, “भाऊजी खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात. चौकशीच्या दिवशी ‘तो चौदाच आहे’ असं मला सांगून गेले, तेव्हा झाले नव्हते.” मीही त्या दिवशी तुझ्यासमोरच बसलो होतो. तुझे कान मी पाहिले नाहीत.

१४ फेब्रुवारी, दुपार

केंद्राचे अध्यक्ष आले. माणूस नवा, खुर्ची तीच. मी त्यांना फोटो दाखवला आणि दहा मिनिटांत सगळे समजावले. पहिल्या मिनिटातच त्यांना समजले होते; उरलेली नऊ ते मार्ग शोधत होते.

“सर,” ते म्हणाले, “कशाला जुनं उकरायचं? ‘फोटो अस्पष्ट असल्याने पुरावा पुरेसा मानता येत नाही’ एवढं लिहून द्या. ठराव मागे घेतो. गाई राहतील, केंद्राचं नाव राहील, तुमचंही राहील.”

मी विचार करतो म्हटले. खोलीवर जाऊन ते तीन ओळींत लिहिले. खोटे एकही वाक्य नव्हते. फोटोच्या कडा खरोखर जुन्या होऊन पुसट झाल्या आहेत. इतके सफाईदार काही मी कित्येक वर्षांत लिहिले नव्हते. सही केली आणि बाईंना नेऊन दिले.

त्या दूध मोजत होत्या. हात पुसून वाचले. म्हणाल्या, “गाई वाचल्या.”

मी हो म्हटले.

कागद माझ्याकडे परत करून त्यांनी विचारले, “आणि आमचे सर?”

मी काही तरी बोललो. तांत्रिक काही. मामा बाजूला बादल्या धूत होता, तो हात न थांबवता म्हणाला, “बाई, साहेबांना समोरनंच दिसतं. सवय आहे.”

चौतीस वर्षांत माझ्याविरुद्ध इतके अचूक कोणी बोलले नव्हते. मी खोलीवर आलो. तीन ओळींचा कागद फाडला. खिडकीतून टाकावा म्हटले तर ती खरोखरच उघडी होती, म्हणून टाकला नाही, टोपलीत टाकला.

नवा निर्णय लिहायला दुपार गेली. मी आयुष्यभर लांब निर्णय लिहिले. हा एका पानात संपला आणि तरी चार वेळा लिहावा लागला. प्रत्येक वेळी ‘माझ्या’ या शब्दाशी येऊन हात ‘तत्कालीन’ लिहू पाही.

१५ फेब्रुवारी

धाकट्या,

सकाळी मालमोटार आली होती. रिकामी परत गेली. चालकाने फाटके कोण लावणार म्हणून कुरकुर केली. मी त्याच्या शेजारी बसून खालपर्यंत गेलो आणि सातही फाटके लावून पायी वर आलो. पाय सुजला आहे. कोणी सांगितले नव्हते.

निर्णय मी खोड्यापाशी उभा राहून वाचला. इथे काम करणारी नऊ माणसे होती, अध्यक्ष होते, बाई होत्या. कचेरीत वाचावा असे अध्यक्षांचे म्हणणे होते. मी म्हटले, ज्यांना आरोप ऐकू आला होता त्यांनाच हा ऐकू यावा. तुझ्यासाठी त्यातली ओळ उतरवतो:

‘वळू क्रमांक चौदा हा वळू क्रमांक चौदाच होता. पैदास विभागाच्या तत्कालीन प्रमुखांनी खरी नोंद केली होती आणि खरे सांगितले होते. चूक पुराव्यात नव्हती. माझ्या वाचण्यात होती. जागेवर येऊन पाहण्याची त्यांची मागणी रास्त होती आणि मी ती फेटाळली.’

एक ‘तत्कालीन’ राहिलाच. तो तुझ्या पदाला लागला आहे, माझ्या चुकीला नाही, म्हणून ठेवला.

वाचून झाल्यावर मी उत्तराची वाट पाहत उभा राहिलो. मग मामाने विचारले, “संपलं?” मी हो म्हटले. तो म्हणाला, “मग सरका साहेब, जनावरं पाण्याला सोडायचीत.” आणि सोडली. अध्यक्ष निरोप न घेता गेले. समितीच्या प्रत्येक सभासदाला प्रत मी स्वतः टपालाने पाठवली आहे, म्हणजे ती त्यांच्या कपाटात वाळवीची वाट पाहत बसणार नाही.

यातले काहीही तुझी अकरा वर्षे परत देत नाही, हे मला समजते. वळू तर गेलाच. त्याचे मी काय करू, हे मला ठरवता आलेले नाही. मामाला विचारले, तर तो म्हणाला की तो गाडीवान त्याला चांगला सांभाळत होता. हे खरे की माझ्यासाठी, ते मी तपासले नाही. काही साक्षी मी आता न तपासता घेतो.

आणि ते संध्याकाळचे शिकवणे. तू चुकत नव्हतास. मी समोर उभा राहून उजवा हात वर करीत होतो आणि तू माझ्या हातासमोरचाच आपला हात वर करीत होतास. मी तुझ्या शेजारी उभा राहिलो असतो तर पहिल्याच दिवशी जमले असते. आठ वर्षांच्या पोराला हे सांगता आले नाही. ते मला कळायला हवे होते.

आधीची पाचही पत्रे याच पाकिटात घालतो आहे. पहिल्या दोहोंची भाषा बदलावी असे फार वाटले. बदलली नाही. तीही पुराव्यात राहू दे.

आता एक विनंती, आणि तिला मुदत आहे. बारा तारखेला जन्मलेला गोऱ्हा चौदाचा नातू आहे. खाचा पंधरा दिवसांच्या आत पाडाव्या लागतात, नंतर कान जाड होतो आणि वासराला फार दुखते. म्हणजे सत्तावीस तारखेपर्यंत. त्याला क्रमांक सव्वीस येतो. नोंदवहीत बाईंनी ती ओळ कोरी ठेवली आहे आणि कुणालाही हात लावू देत नाहीत. मामाने चिमट्याला तेल लावून ठेवले आहे. त्याचे म्हणणे असे की हे काम ज्याचे त्याने येऊन करावे.

मी तोवर इथेच आहे. वहिनीला औषधे पाठवायला सांगितले आहे, ती म्हणाली स्वतःच घेऊन येते.

तू आलास तर खालच्या फाटकाशी मी असेन. ते उघडायचे काम माझे. नाही आलास तर का नाही, हे मी विचारणार नाही. पण सत्तावीस तारखेपर्यंत वासराचे दोन्ही कान कोरे राहतील. तू खाचा पाड, वासरू मी धरीन. कुठे उभे राहायचे ते मला आता ठाऊक आहे.

दादा